अर्ज कुठे अडला? आयबीएम क्रेडिटचं सहा दिवसांचं प्रकरण

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात ओल्ड ग्रिनिच नावाचं गाव आहे. तिथल्या एका कार्यालयात बैठकीच्या टेबलाभोवती चौदा जण बसायचे आणि फोन घ्यायचे. पलीकडे आयबीएमचा कुणीतरी विक्री प्रतिनिधी असायचा. त्याचं गिऱ्हाईक कॉम्प्युटर घ्यायला राजी झालेलं असे, पण एकरकमी पैसे मोजायची त्याची तयारी नसे. म्हणजे कर्ज हवं. मिळेल का, किती व्याजानं आणि कुठल्या अटींवर, एवढं कळलं की सौदा पक्का. चौदांपैकी एक जण ती मागणी कागदावर उतरवून घ्यायचा आणि तो कागद मग वरच्या मजल्यावर जायचा.

हे आयबीएम क्रेडिट. आयबीएमच्याच मालकीची, आयबीएमच्या गिऱ्हाइकांना कर्ज देणारी कंपनी. १९९३ मध्ये मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी या व्यवस्थापन सल्लागारांनी तिची ही हकिगत लिहून काढली आणि तेव्हापासून ती व्यवस्थापनाच्या वर्गांत फिरते आहे. त्यांनी तिला रीइंजिनिअरिंगचं, म्हणजे कामाची रचना मुळापासून नव्यानं करण्याचं, लेबल लावलं. ‘लीन’ हा शब्द त्याआधी पाच वर्षं, १९८८ मध्ये, जॉन क्राफसिक यांनी टोयोटाच्या, कामातली नासाडी शोधून काढून टाकणाऱ्या, उत्पादनपद्धतीसाठी वापरला होता. या दोन पंथांची माणसं एकमेकांच्या मांडवात फारशी जात नाहीत. पण कचेरीतली नासाडी कशी दिसते हे कुणाला दाखवायचं असेल, तर मी मोटारींच्या कारखान्याचं उदाहरण घेत नाही, हेच घेतो. कारखान्यात अर्धवट माल जमिनीवर पडलेला दिसतो, त्याला पाय अडखळतो. कचेरीत तोच माल ट्रेमध्ये व्यवस्थित रचलेला असतो, वर पेपरवेट ठेवलेला असतो, आणि आपण त्याला ‘काम’ म्हणतो.

तर कागद वर गेला. तिथे पत तपासणारा विभाग. तिथला तज्ज्ञ कागदावरची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायचा, गिऱ्हाइकाची पत बघायचा आणि निकाल पुन्हा कागदावर लिहून पुढे पाठवायचा. पुढचा विभाग कराराच्या अटींचा. त्यांची कॉम्प्युटर यंत्रणा वेगळी. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे ठरावीक करारात फेरफार करायचे आणि खास अटी मूळ फॉर्मला जोडायच्या, हे त्यांचं काम. मग कागद दर ठरवणाऱ्याकडे. तो आकडे आपल्या पर्सनल कॉम्प्युटरवरच्या स्प्रेडशीटमध्ये घालायचा, व्याजाचा दर काढायचा आणि तो आणखी एका कागदावर लिहायचा. शेवटी हे सगळं बाड कारकुनी विभागात. तिथे त्याचं देकारपत्र तयार व्हायचं आणि फेडरल एक्सप्रेसनं विक्री प्रतिनिधीकडे रवाना व्हायचं.

एकच माहिती किती वेळा उतरवली गेली ते बघा. फोनवरून कागदावर, कागदावरून कॉम्प्युटरमध्ये, तिथून कागदावर, कागदावरून स्प्रेडशीटमध्ये, स्प्रेडशीटवरून परत कागदावर, आणि शेवटी पत्रात. कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीच्या घरात प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर होता, पण दोन टेबलांच्या मधे कागदच होता.

या सगळ्याला सरासरी सहा दिवस लागायचे. कधी कधी दोन आठवडे.

सहा दिवस म्हणजे फार नव्हे, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटेल. पण विक्री प्रतिनिधीच्या जागी उभं राहून पाहा. गिऱ्हाईक हो म्हणालंय. आता सहा दिवस त्याला मोकळे आहेत. तेवढ्यात त्याला दुसरीकडून कर्ज मिळू शकतं, दुसऱ्या कंपनीचा माणूस येऊन त्याचं मन वळवू शकतो, किंवा त्याचं त्यालाच वाटू शकतं की यंदा राहू दे. म्हणून प्रतिनिधी फोन करायचा: माझ्या अर्जाचं काय झालं, कधी होईल? आणि कुणालाच सांगता यायचं नाही. अर्ज साखळीत कुठेतरी असायचा, पण कुठे ते ठाऊक नसायचं.

इथे कंपनीनं जो पहिला उपाय केला, त्यावर मला थांबायचंय. प्रकरण सांगताना बहुतेक जण ही पायरी घाईनं ओलांडतात आणि शेवटच्या चमत्काराकडे धावतात. माझ्या मते प्रकरणाचं मर्म इथेच आहे.

उपाय असा होता. एक नियंत्रण टेबल नेमलं. आता अर्ज एका विभागातून थेट दुसऱ्याकडे जाणार नाही. प्रत्येक विभागानं आपलं काम झालं की अर्ज या टेबलाकडे परत करायचा, तिथला माणूस नोंद करणार, आणि मग अर्ज पुढच्या विभागाकडे जाणार. फोन आला की नोंद बघून सांगता येईल: साहेब, तुमचा अर्ज सध्या दर ठरवणाऱ्यांकडे आहे.

आपल्याकडे ज्यानं एखाद्या कचेरीत आठवडा काढलाय, त्याला हे टेबल ओळखू येईल. ही बारनिशी. आवक क्रमांक, जावक क्रमांक, कुणाकडे दिलं, सही. बारनिशीचा कारकून अचूक सांगतो की तुमचं प्रकरण कुठल्या टेबलावर आहे. ते तिथून कधी हलेल, हे बारनिशीत लिहिलेलं नसतं.

आयबीएम क्रेडिटमध्ये प्रश्नाचं उत्तर आता मिळू लागलं. फक्त अर्जाला लागणारा वेळ आणखी वाढला. वाढणारच. पूर्वी पाच थांबे होते, आता प्रत्येक दोन थांब्यांच्या मधे आणखी एक आला. विचारणाऱ्याचं समाधान झालं आणि त्याची किंमत अर्जानं मोजली.

लीनच्या भाषेत याला काय म्हणायचं याचा खल मी करत नाही. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, थांबणं, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि चुका. नियंत्रण टेबलात यांपैकी निदान तीन आहेत. पण नावं पाठ असून उपयोग नसतो, कारण ज्यांनी ते टेबल मांडलं ते काही मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढे तक्रार होती ती ‘अर्ज कुठे आहे कळत नाही’ अशी. त्यांनी नेमकी तीच तक्रार सोडवली. अर्ज उशिरा होतो ही वेगळी गोष्ट आहे, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. आजही एखादी संस्था ‘फाईल ट्रॅकिंग’चं सॉफ्टवेअर घेते आणि आता कामाला वेग येईल म्हणते, तेव्हा मला हे टेबल आठवतं. एक खिडकी योजनाही पुष्कळदा अशीच. खिडकी एक, मागे टेबलं पाच.

मग दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. कर्जाची एक मागणी हातात घेतली आणि स्वतः पाचही टप्प्यांतून चालत गेले. प्रत्येक टेबलाशी जाऊन म्हणायचे, हातातलं काम बाजूला ठेवा आणि हा अर्ज एरवी करता तसाच आत्ता करा. घाई नको, सवलत नको. फक्त तो ढिगाऱ्यात पडून राहायला नको.

पाचही टप्प्यांचं मिळून काम झालं नव्वद मिनिटांत.

आता गणित. दिवसाचे कामाचे आठ तास धरले, तर सहा दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास, म्हणजे २,८८० मिनिटं. त्यांतली ९० मिनिटं अर्जावर कुणीतरी खरोखर काम करत होतं. तीन टक्क्यांहून थोडं जास्त. उरलेला जवळजवळ सत्त्याण्णव टक्के वेळ अर्ज कुठल्यातरी ट्रेमध्ये किंवा कुणाच्यातरी हातात, वाटेवर होता.

आणि या गणिताची दुसरी बाजू जास्त झोंबणारी आहे. समजा व्यवस्थापनानं ठरवलं असतं की लोक आळशी आहेत, त्यांना जरा घाईला लावू. समजा सगळ्यांचा वेग दुप्पट झाला असता. नव्वदाची पंचेचाळीस मिनिटं. सहा दिवसांतून वाचला असता पाऊण तास! म्हणजे आपण कचेऱ्यांत जे करतो, हजेरीचं यंत्र बसवतो, टायपिंगचा वेग मोजतो, चहाच्या वेळेवर नजर ठेवतो, ते सगळं त्या तीन टक्क्यांवर चाललेलं असतं.

सत्त्याण्णव टक्के येतात कुठून? बहुतेकांना वाटतं, माणसं कमी आहेत. तसंही असू शकतं. पण रांगांचं शास्त्र एक विचित्र गोष्ट सांगतं. कामं ठरल्या वेळी न येता जमेल तशी येत असतील, आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागत असेल, तर टेबलावरचा माणूस जितका जास्त गुंतलेला तितकी वाट वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. अगदी साधं सूत्र घेतलं तरी माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर कागदाला सरासरी एका कामाच्या चौपट वाट बघावी लागते. ९० टक्के असेल तर नऊपट. ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. साहेबांना रिकामा माणूस बघवत नाही, म्हणून ते प्रत्येकाला पंच्याण्णव टक्क्यांवर नेतात आणि मग फाइली का तुंबतात म्हणून बैठक बोलावतात. आयबीएम क्रेडिटमध्ये अशी पाच टेबलं एकामागोमाग होती. प्रत्येकाची वेगळी रांग.

त्यात चुकांची भर. समजा प्रत्येक टेबलावर दहापैकी नऊ कागद बिनचूक होतात. वाईट नाही. पण पाच टेबलांतून एकदाही मागे न फिरता पार होणारे कागद उरतात शंभरातले एकोणसाठ. बाकीचे ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’. हे आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, आयबीएमचे नव्हेत, पण गुणाकार कुणाच्याही कचेरीत असाच चालतो.

साठ्याचंही तसंच. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक नियम आहे: आत अडकलेली कामं म्हणजे रोज येणारी कामं गुणिले लागणारे दिवस. रोज पन्नास अर्ज येत असतील आणि सहा दिवस लागत असतील, तर कुठल्याही क्षणी तीनशे अर्ज इमारतीत आहेत. चार तास लागत असतील, तर पंचवीस. पंचवीस अर्जांना नियंत्रण टेबल लागत नाही. मान वर करून विचारलं तरी पुरतं.

अधिकाऱ्यांना चालत गेल्यावर दुसरी गोष्ट दिसली, आणि ती पहिलीपेक्षा महत्त्वाची होती. पाच टप्पे कशासाठी होते? रचनेमागे एक गृहीतक होतं: प्रत्येक अर्ज वेगळा आणि अवघड असतो, म्हणून प्रत्येक बाबतीला त्या त्या विषयातला जाणकार हवा. टेबलाशी उभं राहून पाहिल्यावर कळलं की बहुतेक अर्जांत जाणकार जे करतो ते साधं आहे. पत बघायची म्हणजे साठवलेल्या माहितीतून गिऱ्हाइकाचं मानांकन काढायचं. दर काढायचा म्हणजे तयार नमुन्यात आकडे घालायचे. अटी लिहायच्या म्हणजे फाइलीतून ठरावीक मजकूर उचलायचा. चांगली यंत्रणा हाताशी असेल तर एकच माणूस हे सगळं करू शकतो.

अवघड अर्ज असायचे, नाही असं नाही. पण शंभरातल्या थोड्या अवघड अर्जांसाठी बांधलेल्या वाटेनं शंभरच्या शंभर अर्ज जात होते. हे आपल्याला परकं नाही. कधीतरी एकानं खोटी पावती जोडली, म्हणून आता सगळ्यांनी तीन प्रती आणि एक प्रतिज्ञापत्र द्यायचं.

मग बदल असा झाला. पत तपासणारा, अटी लिहिणारा, दर काढणारा हे वेगळे तज्ज्ञ काढून त्यांच्या जागी एकाच प्रकारचा माणूस आला. त्याला त्यांनी ‘डील स्ट्रक्चरर’ म्हटलं. आपण ‘सौदा बांधणारा’ म्हणू. अर्ज त्याच्याकडे आला की पहिल्या ओळीपासून देकारपत्रापर्यंत सगळं त्यानंच करायचं, कुणाच्या हाती द्यायचं नाही. त्याच्या मदतीला नवी कॉम्प्युटर यंत्रणा केली, जिच्यात तज्ज्ञ वापरत होते ती सगळी माहिती आणि साधनं होती, पण नेहमीच्या कामाला पुरतील इतकी सोपी करून. आणि खरोखर गुंतागुंतीचा अर्ज आला तर? त्यासाठी पत, दर वगैरेंतल्या खऱ्या तज्ज्ञांचा एक छोटा गट राखून ठेवला. अडलं की सौदा बांधणाऱ्यानं त्यांच्याकडे जायचं. त्यातही अर्जाचा मालक तोच. तज्ज्ञ त्याच्या मदतीला येतो, अर्ज तज्ज्ञाकडे मुक्कामाला जात नाही.

वेळ चार तासांवर आला. माणसं वाढवावी लागली नाहीत, उलट थोडी कमी झाली. आणि हाताळलेल्या सौद्यांची संख्या शंभरपट झाली, असं हॅमर आणि चॅम्पी लिहितात. शंभर टक्के नव्हे, शंभरपट, हे तेही बजावून सांगतात.

या शंभरपटीशी मी जरा अंतर राखून असतो. चार तासांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. नव्वद मिनिटांच्या कामातून रांगा काढल्या की चार तास हा अगदी रास्त आकडा आहे. पण सौद्यांची संख्या बाजारावरही ठरते, विकायला काय आहे त्यावरही ठरते. शंभरपट वाढीचं सगळं श्रेय एका टेबलाच्या मांडणीला देणं मला जड जातं. ज्यांना आपल्या संचालक मंडळासमोर हे प्रकरण मांडायचंय, त्यांनी चार तासांचा आकडा सांगावा. शंभराचा सांगितला तर पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि उरलेला वेळ त्यातच जाईल.

अटी लिहिण्यात वर्षं घालवलेल्या माणसांना हा बदल कसा लागला असेल, याबद्दल या हकिगतीत फारसं काही नाही. पुढे १९९० च्या दशकात रीइंजिनिअरिंग म्हणजे नोकरकपात असंच समीकरण झालं, आणि माणसांच्या बाजूकडे आपलं पुरेसं लक्ष नव्हतं हे खुद्द हॅमर यांनीच नंतर कबूल केलं. लीनवाल्यांचं म्हणणं इथे निराळं पडतं. त्यांच्या मते नकाशा वरच्यांनी काढून खाली पाठवायचा नाही. टेबलावरच्या माणसानं स्वतः चालत जाऊन बघायचं. ओल्ड ग्रिनिचमध्ये चालले ते दोन साहेब. कारकून चालले असते तर कदाचित पहिल्याच महिन्यात कळलं असतं, आणि कदाचित कुणी ऐकलं नसतं.

आपल्या मातीत हे विचार नवे नाहीत. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतल्या कामाची आणि दप्तराची जी घडी बसवली, ती पुढे ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. सहा गठ्ठे पद्धत आजही शासकीय प्रशिक्षणात शिकवतात: प्रलंबित, प्रतीक्षाधीन (म्हणजे कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणारी), नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीनं पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. कागद आला की तो या सहांपैकी कशात जाणार हे ठरलं पाहिजे. टेबलावर सातवा गठ्ठा, ‘बघू नंतर’ नावाचा, नको. टोयोटाच्या शॉप फ्लोअरवर हत्यारांसाठी जे करतात, प्रत्येकाला ठरलेली जागा, तेच हे, दप्तरासाठी.

पण सहा गठ्ठे एका टेबलाची शिस्त लावतात. दोन टेबलांमधली वाट तशीच राहते. २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात, ज्याला सगळे बदल्यांचा कायदा म्हणतात, दफ्तर दिरंगाईचंही कलम आहे: कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. चांगलं कलम आहे. मात्र घड्याळ प्रत्येक टेबलाचं वेगळं. पाच टेबलं असतील तर पस्तीस दिवस होतात आणि एकाही माणसानं दिरंगाई केलेली नसते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं घड्याळ अर्जदाराच्या बाजूनं लावलं, अर्ज दिल्यापासून सेवा मिळेपर्यंत. हा फरक बारीक वाटतो, पण ओल्ड ग्रिनिचचा सगळा झगडा त्यातच आहे.

हे प्रकरण मला जवळचं का वाटतं, ते सांगतो. मी एका शिक्षणसंस्थेच्या लेखा विभागात होतो. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणारे एक गृहस्थ दर आठवड्याला फोन करायचे, “सर, आमच्या बिलाचं कुठवर आलंय?” आवाजात राग नसायचा, उलट दिलगिरी असायची, आणि तीच जास्त लागायची. बिलाची वाट अशी: स्टोअरकीपर, विभागप्रमुख, आम्ही, अंतर्गत ऑडिटर, प्राचार्य, आणि चेक लिहायला परत आम्ही.

एका बिलाबरोबर चालून बघायचं धाडस मला झालं नाही. त्याऐवजी मी काही बिलांना एक चिठ्ठी टाचली. चिठ्ठीवर प्रत्येक टेबलासाठी तीन रकाने: आलं, हातात घेतलं, गेलं. वेळेसकट. पहिल्या दोघांनी कुरकुर केली. आमच्या लेखापाल मॅडम म्हणाल्या, “ही आमच्यावर पाळत आहे का?” मी म्हटलं, बिलावर आहे. त्या हसल्या नाहीत, पण लिहू लागल्या.

चिठ्ठ्या परत आल्यावर ‘हातात घेतलं’ आणि ‘गेलं’ यांच्यातलं अंतर सगळीकडे काही मिनिटांचंच निघालं. ते अपेक्षित होतं. मला चकवलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे, काही बिलं नंतर येऊनही आधी गेली होती. ट्रे बघितल्यावर उलगडा झाला. नवीन कागद वर पडतो आणि हात वरूनच घालतो. सगळ्यात जुनं बिल सगळ्यात खाली, आणि ट्रे कधीच रिकामा होत नसल्यामुळे ते खालीच. रसायनवाल्यांचं बिल तळाशी होतं, त्याच्या कोपऱ्याला चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलेलं. कुणी मुद्दाम दाबलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आमच्या शिपाई मामांनी सांगितली. ‘गेलं’ची वेळ आणि पुढच्या टेबलावरची ‘आलं’ची वेळ यांत अर्धा-अर्धा दिवस का जातोय, हे मी त्यांना विचारलं. मामा म्हणाले, “सर, मी दोनदाच फिरतो. अकराला आणि चारला. प्रत्येक कागदामागं जिना चढायला लागलो तर गुडघे राहतील का?” बरोबर होतं. आमच्या कागदाचं वेळापत्रक कुठल्याही नियमात नव्हतं, ते मामांच्या गुडघ्यांत होतं. साडेअकराला झालेलं काम चार वाजेपर्यंत थांबणार, आणि चारला पोचलेलं उद्यावर जाणार. सहा टेबलांना गुणा.

स्टोअरकीपर तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर. आम्ही काही मोठं केलं नाही. स्टोअरकीपर रोज सकाळी स्टॉक रजिस्टर घेऊन तासभर आमच्या खोलीत बसू लागले आणि बिलं तिथेच जुळवून पुढे जाऊ लागली. ट्रे उलटा भरायला लागलो, नवीन कागद खाली. एवढ्यानंच रसायनवाल्यांचे फोन विरळ झाले.

राहिली विभागप्रमुखांची सही. माल आला, असं स्टोअरकीपर लिहितात. माल आला, असंच विभागप्रमुख लिहितात. दोन्ही कशाला? विचारलं तेव्हा कळलं की पूर्वी कधीतरी ऑडिटमध्ये आक्षेप निघाला होता. कुठल्या वर्षी, कुठल्या बिलावर, कुणालाच आठवेना. छोट्या रकमांपुरती ही सही वगळावी का, असं एक पत्र आम्ही संस्थेच्या मुख्य कार्यालयाला लिहिलं. उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र लिहिलं. मी तिथून निघालो तेव्हा त्या पत्राची स्थळप्रत मॅडमच्या कपाटात होती, नीट टॅग लावून, ‘प्रतीक्षाधीन’च्या गठ्ठ्यात.